आमची वाटचाल : शर्यतीच्या कबुतरांचे जुने फोटो

इंग्लंडमधल्या डर्बी शहरात आमचा जुन्या फोटोंच्या खरेदी-विक्रीचा छोटासा व्यवसाय आहे. सुरुवातीला मिळेल ते घ्यायचो : लग्नाचे ग्रूप, रेल्वेची इंजिने, लष्करी पलटणी. कबुतरांकडे वळलो ते इथल्या संग्रहालयामुळे. १९१३ साली रोमहून इंग्लंडपर्यंतची १००१ मैलांची शर्यत मारणारा 'किंग ऑफ रोम' हा नर तिथे पेंढा भरून जतन केला आहे. त्याचे मालक चार्ली हडसन याच गावचे. मी मिरजेचा, आळीतली कबुतरांची ढाबळ बघत वाढलेला. माझे पाय तिथून निघेनात.

या फोटोंत पहिल्यांदा बघायचे ते कबुतराच्या पायातले कडे. पिल्लू आठवड्याभराचे असताना ते सरकवतात. पुढे पंजा वाढला की निघत नाही. त्यावर जन्मसाल आणि क्रमांक असतो. 'किंग ऑफ रोम'चे कडे एनयू १९०७ डीवाय १६८, म्हणजे शर्यतीच्या वेळी पक्षी सहा वर्षांचा होता. भिंगाखाली कडे वाचता आले, की फोटो त्या सालाच्या आधीचा नाही हे पक्के. मग फोटोची पाठ बघायची. मालकाने पेन्सिलीने शर्यत, अंतर, पोचल्याची वेळ लिहिलेली असली, तर डाग पडलेला फोटोसुद्धा आम्ही आनंदाने घेतो. नुसता देखणा, पण निनावी फोटो आमच्या लेखी दुय्यम.

रेल्वेचे फोटो तर माझे विशेष आवडते. वेताच्या करंड्यांतून कबुतरे आगगाडीने दूरच्या स्टेशनवर जायची, तिथले हमाल झाकणे उघडून ती सोडायचे आणि सुटल्याची वेळ लिहून करंड्या परत धाडायचे. एवढ्या विश्वासावर शर्यती चालत!

पुढे बेल्जियमला खरेदीसाठी जाऊ लागलो. आधुनिक शर्यती वाढल्या त्या तिथेच. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी तिथली कबुतरे जप्त केली, मारलीही. कित्येक ढाबळींची आठवण म्हणून १९१४ पूर्वीचे फोटोच काय ते उरले.

धंद्याचा आमचा एक नियम आहे : अल्बम फोडायचा नाही. सुटे फोटो विकले तर पैसा जास्त मिळतो, हे खरे. एका व्यापाऱ्याने फक्त विजेत्यांची पाने मागितली होती, भावही उत्तम देत होता. सौ.ने साफ नकार दिला. हरलेली कबुतरेही अल्बमच्या त्याच मालकाने वाढवली होती ना! जतनाचे कामही तीच बघते. कडेने चंदेरी झाक आलेले फोटो ती आम्लविरहित कागदात ठेवते. चिकटपट्टी आणि पीव्हीसीचे खिसे आमच्याकडे वर्ज्य.

सध्या आम्ही कड्यांच्या क्रमांकांची एक वही करतो आहोत. जुन्या शौकिनांच्या नातवंडांना त्यातून आजोबांचा पक्षी सापडला, तर फोटोची प्रत विनामूल्य देतो. कुणाच्या घरी असे फोटो असतील तर जरूर कळवा, आणि स्कॅन पाठवताना पाठीमागची बाजूही पाठवा.