दारामागचा कागद

एमएस संपलं आणि मी खोलीच्या दारामागे एक कोरा कागद चिकटवला. रोज रात्री त्यावर एक रेघ.

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकलेल्यांना ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्यात बेकारीचे दिवस ९०च, हे मात्र पोटात गोळा आल्यावर नीट कळतं. मोजणी पदवीदानापासून नाही, कामाच्या परवानगीच्या कार्डावर छापलेल्या तारखेपासून! शिक्षण संपल्यावर ६० दिवसांपर्यंतची कुठलीही तारीख मागता येते. मी घाईघाईत पहिलीच मागितली. शहाणपणाच तो.

अर्जात एक प्रश्न हमखास असायचा: पुढे व्हिसासाठी कंपनीची स्पॉन्सरशिप लागेल का? 'हो' म्हटलं की कधीकधी चहा गार व्हायच्या आत नकार यायचा. माझं बेअरिंगच्या कंपनांवरचं काम कुणी उघडून तरी बघितलं असेल का, देव जाणे.

८१व्या रेघेला सरांच्या लॅबमध्ये बिनपगारी रुजू झाले. विषयाशी संबंधित, आठवड्याला किमान २० तास, मग स्वयंसेवी कामही चालतं, मोजणी थांबते. पहिल्या दिवशी नुसते सेन्सर पुसले. एकाची वायर तुटली होती, ती डाग देऊन जोडली. इतकी मन लावून सोल्डरिंग मी आयुष्यात केली नव्हती.

नोकरी सात आठवड्यांनी लागली. आता स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणितवाल्यांच्या, वाढीव २४ महिन्यांचा अर्ज भरतेय. कागद अजून पासपोर्टच्या फाइलीत आहे, चिकटपट्टीसकट.