तुम्ही विचारलंत म्हणून: टेबल या शब्दाशी माझं काय वाकडं आहे

भाषांतराला इंग्रजी मजकूर आला आणि त्यात टेबल दिसलं की मी आधी विचारते, लिहिणारा ब्रिटिश आहे की अमेरिकन? यावर लोक हसतात आणि म्हणतात, एवढ्याशा शब्दावर काय अडतेस. हे इतक्यांदा ऐकून झालंय की आता एकदाचं लिहूनच टाकते.

लाकडी टेबलाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टेबल आलं लॅटिनमधल्या टॅब्युलावरून, आणि टॅब्युला म्हणजे फळी, लिहायची पाटी, यादीसुद्धा. रोमनांचे इ.स.पू. 450 च्या सुमाराचे कायदे बारा पाट्यांवर होते म्हणून ते ट्वेल्व्ह टेबल्स. म्हणजे आकडे मांडलेलं टेबल फर्निचरवरून आलेलं नाहीये, उलट फर्निचरचा अर्थच इंग्रजीत 1300 च्या आसपास रुळला, त्याआधी तिथे बोर्ड हा शब्द होता (बोर्डाचं रडगाणं वेगळं, ते आज नको). औषधाची टॅब्लेट याच घरातली. टॅब्लॉइड तर 1884 मध्ये एका औषध कंपनीने दाबून बनवलेल्या गोळ्यांसाठी घेतलेलं नाव, छोट्या आकाराच्या पेपरांना ते नंतर चिकटलं. मराठीत मात्र याच टेबलाचं कुठे पाढा होतं, कुठे सारणी, आणि वॉटर टेबल असेल तर भूजल पातळी. इथवर मजाच आहे.

वाकडं आहे ते क्रियापदाशी. ब्रिटिश माणूस प्रस्ताव टेबल करतो म्हणजे चर्चेला मांडतो, आणि अमेरिकन टेबल करतो म्हणजे चर्चा बाजूला ठेवतो. सरळ उलट! दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे लष्करी अधिकारी यावरून भांडलेत. ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, ते म्हणाले टेबल करू, अमेरिकनांना वाटलं हे तो खणात टाकायचं म्हणतायत, आणि बराच वेळ कडाक्याचा वाद झाल्यावर कळलं की दोघांना हवंय एकच. चर्चिलनेच हे लिहून ठेवलंय.

आता माझं. एका कंपनीच्या मीटिंगचं इतिवृत्त आलं होतं, कंपनीची ऑफिसं दोन्ही देशांत. कर्मचाऱ्यांच्या पेन्शनवर एकच ओळ होती, द प्रपोजल वॉज टेबल्ड. पुढे ना तारीख, ना कुणाचं नाव, लगेच पार्किंगचा विषय. मराठी प्रत त्याच कर्मचाऱ्यांना वाटायची होती. मांडला लिहिलं तर लोक आशेवर राहणार, लांबणीवर टाकला लिहिलं तर भडकणार. मी मेल केला, उत्तर नाही. फोन केला तर कंपनीतल्या बाईंनी तो स्पीकरवर टाकला आणि म्हणाल्या, "अहो टेबल तर पहिलीतल्या पोराला येतं, तुम्हाला डिक्शनरी पाठवू का?" मागे तीनचार जण हसले. मी म्हटलं, मॅडम, डिक्शनरीत दोन्ही अर्थ आहेत, म्हणूनच फोन केलाय. फोन कट. संध्याकाळी मेल आला की काम दुसरीकडे दिलंय. नंतर कुणीतरी ती प्रत दाखवली, "प्रस्ताव मांडण्यात आला." बरोबर असेलही. मला आजवर माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर याचाच राग जास्त आहे.

हो, विचारण्याची माझी पद्धत जरा मास्तरीण छाप आहे, मान्य. त्या दिवशीही आवाज चढला असणार. पण मग काय, अंदाजपंचे लिहायचं?

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचे, शब्दाचं मूळ शोधा, अर्थ आपोआप सापडतो. आता त्या मीला विचारावंसं वाटतं की बाई गं, इथे मूळ तर एकच आहे ना? कागद टेबलावर ठेवला, एवढंच. तो उचलून वाचायला ठेवलाय की तसाच पडू द्यायला, हे फळी कुठून सांगणार? ती मी म्हणेल, संदर्भ बघ. बघितला. पुढच्या ओळीत पार्किंग होतं.

तरी मुळं शोधायची खोड जात नाही. आणि तो प्रश्नही मी विचारतच राहणार, तेव्हा पुढच्या वेळी निदान लिहिणारा कुठला ते मेलमध्येच कळवा.