तीस वर्षांची जोडी आणि मधली फळी

शेजारच्या आजी २०२३ च्या एप्रिलमध्ये वृद्धाश्रमात राहायला गेल्या आणि त्यांची दोन कासवं आमच्याकडे आली. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. बाग म्हणजे घरामागचा चिंचोळा पट्टा, त्यातही निम्म्यात माझी मेथी. जॉर्ज मोठा, हर्मन जातीचा, १९७९ साली दुकानातून आणलेला. भूमध्य समुद्राकाठच्या कासवांची आयात १९८४ मध्ये बंद झाली, त्याआधी ती इथे ढिगांनी विकायला यायची. मेबल लहान, गोल गरगरीत, हॉर्सफील्ड, म्हणजे लोक ज्याला रशियन कासव म्हणतात ते. ती १९९३ ची. “तीस वर्षं एकत्र आहेत. यांची ताटातूट करू नकोस,” आजींनी माझा हात धरून सांगितलं. मी हो म्हणून बसले.

साताऱ्याहून आईने व्हिडिओ कॉलवर दोघांना नमस्कार केला. देवळात गाभाऱ्याआधी कासवाला हात लावायची सवय, ती कुठे जाणार? “जोडी आहे गं, नीट सांभाळ,” म्हणाली. मी म्हटलं, तिकडे घरात स्टार कासव पाळलं असतं तर वन्यजीव कायद्याखाली केस झाली असती. तिने ते ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं.

मेच्या सुरुवातीला दोघांना डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मेबलला अलगद उचलून खालून पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या, हा नर आहे. लांब, जाड, एका बाजूला मुडपून ठेवलेली शेपूट मलाही दिसली. जॉर्ज तर नर होताच. “बिचारीने एकदाही अंडं घातलं नाही,” असं आजी हळहळून सांगायच्या, त्याचा उलगडा झाला. दोन जाती ओळखायच्या कशा तेही त्यांनी दाखवलं. पुढच्या पायाला मेबलची नखं चार, जॉर्जची पाच. जॉर्जच्या शेपटीच्या टोकाला आणखी एक नखासारखा काटा. मग त्यांनी जॉर्जचा मागचा पाय हळूच ओढून बाहेर काढला. खवल्यांमध्ये जुने, बुजलेले व्रण होते आणि एक ताजा. “वेगळं करा,” एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन मी डॉक्टरांवर चिडले. तीस वर्षं ज्यांनी एकमेकांना सहन केलं त्यांना म्हातारपणी कशाला तोडायचं? वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवू नयेत याचं पहिलं कारण रोगजंतू. एका जातीला न बाधणारा हर्पीस विषाणू दुसरीचा जीव घेऊ शकतो, मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूने नाक वाहायला लागतं. पण जे द्यायचं-घ्यायचं ते यांनी कधीच देऊन घेऊन झालं असणार! तोंडात कापसाचा बोळा फिरवून तो तपासून घेतला, दोघांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. अर्थात हर्पीस अंगात दबून बसला असेल तर तपासणीत दिसेलच असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. नवं कासव आणणाऱ्याला मी हे कारण हजारदा सांगेन. आमच्या बाबतीत ते मला लागू पडेना.

हवेचं कारण जास्त पटलं. मेबलचे पूर्वज कझाकस्तान, उझबेकिस्तानच्या कोरड्या माळरानावरचे. वर्षातले थोडेच महिने बाहेर, बाकी बिळात. ओल त्यांना सोसत नाही, आणि लेस्टरमध्ये दुसरं आहे काय?

तरी मन होईना, कारण रात्री दोघं अंगाला अंग लावून झोपत. नवरा म्हणाला, “प्रेम आहे की जागेची टंचाई, ते बघू या ना.” मग आम्ही एकाच आवारात सगळं दोन-दोन केलं. उबेचे दिवे दोन, लपायची खोकी दोन, खाण्यासाठी दगडी पाट्या दोन. अगदी शाळेतल्या पाटीसारख्या असतात त्या. त्यावरून खाल्लं की चोच आपोआप झिजते.

तो रविवार मला स्पष्ट आठवतो. डावीकडच्या दिव्याखाली मेबल, उजवीकडे जॉर्ज. जॉर्जने मान लांब केली, मागचे पाय सैल सोडले. पाचेक मिनिटांत मेबल उठला. स्वतःचा दिवा, समोरची डँडेलियनची पानं, सगळं सोडून तुरुतुरु चालत पलीकडे गेला आणि जॉर्जच्या कुशीला कवचाने धडक दिली. टक्. मग मागच्या पायाचा चावा. जॉर्जने पाय आत घेतले आणि उठून कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मेबल तिथेच त्याच्या जागी बसला. मी कॉफी तशीच ठेवून तासभर पाहिलं. हे चार वेळा झालं. जॉर्जचं वजन मेबलच्या दीडपट, पण उलटून एकदाही हल्ला नाही.

जूनमध्ये मधे फळी घातली. पहिल्यांदा जाळी लावली होती, ती चूक. पलीकडचं दिसलं की कासव तिथेच फेऱ्या मारत राहतं. अपारदर्शक फळीच हवी, आणि मेबल खणतो म्हणून तिच्याखाली एक फूट खोल फरशा पुरल्या. तरी नऊ दिवस मेबल फळीला घासत येरझाऱ्या घालत होता. आई रोज विचारायची, “अजून शोधतोय का गं तिला?” तिच्या लेखी जॉर्ज आता बायको झाला होता. सहाव्या दिवशी मी फळी काढायला निघाले होते. नवऱ्याने वजनाची वही पुढे केली.

चकलीची भाजणी मोजते त्याच काट्यावर दर रविवारी वजन करायचे मी. मेमध्ये १२४० ग्रॅम असलेला जॉर्ज फळी लागली तेव्हा १२१५ वर आला होता. त्या दिवशी १२३० भरला. ऑगस्टअखेर १३१०. मेबल ७९० च्या आसपासच राहिला, ना वाढला ना खंगला.

नोव्हेंबरात दोघांना हिवाळी झोपेसाठी फ्रिजमध्ये ठेवलं, वेगवेगळ्या खोक्यांत, पाच अंशांवर, हवेसाठी रोज एकदा दार उघडून. “फ्रिजमध्ये? जिवंत?” आईने तो फोन ठेवूनच दिला.

त्याच महिन्यात आजींना भेटायला गेले आणि फळीचं सांगून टाकलं. शेपटीचं नाही सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मेबल पहिल्यापासूनच जरा वरचढ. मला वाटायचं, जॉर्जला आवडतं तसं.”

आता दुसरा उन्हाळा चालू आहे. जॉर्ज त्याच्या बाजूला पाय पसरून पडलेला असतो. मेबल अजूनही सकाळी उठल्यावर आधी फळीपाशी येतो आणि तिथेच खणत बसतो. अर्थात ऊन सगळ्यांत आधी तिथेच येतं.