'त्या अमुकांच्या मातोश्री होत'

शेजारच्या आजीबाई फेब्रुवारीत वारल्या आणि त्याच आठवड्यात गावच्या साप्ताहिकात त्यांच्यावरचा मृत्युलेख छापून आला. येथे मिनेसोटात असे लेख बहुतेक वेळा घरचीच माणसे लिहितात, मजकुराच्या लांबीप्रमाणे पैसे मोजून छापून आणतात, आणि त्यांचा साचाही ठरलेला असतो, हे इतक्या वर्षांच्या वास्तव्यात कळले होतेच. पण ज्यांच्या ओट्यावर बसून मी कॉफी प्यायले त्या बाईंचा लेख अथपासून इतिपर्यंत वाचण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि वाचून झाल्यावर मला चक्क राग आला.

सुरुवात 'प्रिय पत्नी, आई आणि आजी' अशी नेहमीचीच होती. पुढे मात्र त्या १९३५ साली कोणत्या गावाजवळच्या दूध-दुभत्याच्या शेतावर जन्मल्या, आईचे माहेरचे आडनाव काय होते, त्या एकाच खोलीच्या शाळेत कशा शिकल्या, शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन तशाच दुसऱ्या एका शाळेत त्यांनी कशी मुले शिकवली, लग्नानंतर ती नोकरी सुटल्यावर चार मुले हाताशी येईपर्यंत थांबून शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षे कसे काम केले, हे सगळे क्रमवार आले होते. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या त्यांच्या बिटाच्या लोणच्याला राज्याच्या वार्षिक जत्रेत एकदा बक्षिसाची फीत मिळाली होती, तेही होते. मिनेसोटा ट्विन्स या बेसबॉल संघाने १९८७ आणि १९९१ साली वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा त्यांनी रेडिओ आणि टीव्ही दोन्ही एकदम लावून ठेवले होते, आणि पत्त्यांत हरलेले त्यांना मुळीच सोसत नसे, हे लिहायलाही त्यांची मुलगी कचरली नव्हती. शेवटी त्यांच्याआधी गेलेल्यांची यादी होती, आणि तिच्यात आईवडील व दोन भाऊ यांच्यानंतर सहा आठवड्यांचा होऊन गेलेला एक मुलगा होता, त्याच्या ठेवलेल्या नावासकट.

माझी आजी साताऱ्याला गेली तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या, आणि त्यांचे कात्रण काकांनी मला मोबाइलवर पाठवले होते. 'सौ.' या उपाधीनंतर तिचे नाव, आजोबांचे नाव, आडनाव, वय, आणि वृद्धापकाळाने निधन. 'त्या धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात पती, दोन मुलगे, सुना, मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे.' मग काकांच्या बँकेचे आणि हुद्द्याचे नाव देऊन, 'यांच्या त्या मातोश्री होत', आणि शेवटी रक्षाविसर्जनाची वेळ. आपल्याकडच्या प्रत्येक बाईला हाच मजकूर पुरतो, आणि तो वाचून कोणाला काही खटकत नाही. मलाही तेव्हा खटकले नव्हते. माझी आजी मनमिळाऊ तर अजिबातच नव्हती. तिने वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांशी वर्षानुवर्षे अबोला धरला होता, आणि दोन्ही वेळा चूक त्यांची होती असे माझे आजही मत आहे.

आता येथल्या लोकांचे फार कौतुक करण्याचेही कारण नाही. पैसे मोजले की रकाना मिळतो, आणि पैसे मोजून लिहिलेल्या लेखात कोणी चिक्कू नसतो, कोणी सुनेला छळलेले नसते. शिवाय बायकांबद्दलचा हा जिव्हाळा पूर्वीपासूनचा आहे अशीही समजूत नको. या देशातली वर्तमानपत्रे गेल्या शतकात बराच काळ विवाहित बाईला 'मिसेस' लावून पुढे नवऱ्याचेच पूर्ण नाव छापत, आणि जुन्या दफनभूमीत हिंडले तर 'अमुक यांची पत्नी' एवढ्यावर आटोपलेले दगड कितीतरी दिसतात. १८५१ साली निघालेल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मार्च २०१८ मध्ये स्वतःच कबूल केले की आपले मृत्युलेख प्रामुख्याने गोऱ्या पुरुषांवरचे होते, आणि राहून गेलेल्यांवर लिहिण्यासाठी त्यांनी वेगळी मालिका सुरू केली. तिच्या पहिल्याच खेपेत आपली मधुबाला होती, म्हणजे जाऊन एकोणपन्नास वर्षे झाल्यावर. तेव्हा याबाबत त्यांनी आपल्याला शिकवावे इतके काही ते पुढे नाहीत.

आणि नाव पुसण्याचे काम तर आपण लग्नाच्या दिवशीच, तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून, करून टाकतो. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. १८८६ साली फिलाडेल्फियाला डॉक्टर होऊन परतल्या, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या, तेव्हा बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेत, ज्यांच्या घरी त्या राहिल्या होत्या त्या कार्पेंटर बाईंकडे पाठवली आणि ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीतल्या जागेत ठेवली गेली. परक्या घराच्या जागेत का होईना, त्यांच्या नावाचा दगड आहे. माझ्या आजीचे माहेरचे नाव काय होते, हे मला शेजारणीचा मृत्युलेख वाचेपर्यंत विचारावेसेही वाटले नव्हते.

आजीबाईंचे अंत्यविधी कसे झाले ते थोडक्यात सांगते. आपल्याकडे माणूस गेल्यावर दूरच्या मुलासाठी फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतात. येथे दर्शनाची वेळ पाच दिवसांनंतरची आणि दुपारी चार ते सात अशी छापलेली होती. देह औषधे भरून टिकवण्याची पद्धत येथे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात, लांबवर पडलेले सैनिक घरी पाठवता यावेत म्हणून पसरली, आणि १८६५ साली लिंकन यांचा देह रेल्वेने गावोगाव नेला गेला तेव्हा ती सर्वांनी डोळ्यांनी पाहिली. आजीबाई निळ्या पोशाखात, ओठांना किंचित रंग लावून, झोपल्यासारख्या होत्या. मला ते बघवले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात त्यांच्याच वयाच्या बायकांनी लोणी लावलेल्या पावात हॅमचे काप, बटाट्याच्या गोळ्यांचे थर देऊन ओव्हनमध्ये भाजलेली 'हॉटडिश' आणि मोठमोठ्या किटल्यांतून कॉफी असे दोनशे माणसांचे जेवण ज्या सफाईने वाढले, ते पाहून मला आपल्याकडचा कडू घास आठवला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा भाऊबंदांनी पिठलं-भात घेऊन यायचे, हे त्यांनाही कोणी शिकवावे लागले नव्हते.

दफन मात्र मे महिन्यात झाले, कारण त्या लहानशा ग्रामीण दफनभूमीत हिवाळ्यात गोठलेली जमीन खणत नाहीत आणि शवपेटी वसंतापर्यंत ठेवून देतात. मला खरा धक्का बसला तो तेव्हा. दगड आधीच उभा होता आणि त्यावर दोन नावे होती. डावीकडे आजीबाईंच्या नवऱ्याचे, म्हणजे शेजारच्या आजोबांचे नाव, जन्मसाल, त्यापुढे एक आडवी रेघ आणि कोरी जागा. आजोबा तर माझ्या शेजारी, टोपी हातात धरून, धडधाकट उभे होते! मी घाबरून काही बोलणार, तोच त्यांनी वाकून आपल्या नावाची अक्षरे बोटाने तपासली आणि शांतपणे सांगितले की दोन्ही नावे एकदम कोरून घेतली की स्वस्त पडते. आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला चुकून हार घातला तर घरातली वडीलधारी मंडळी अंगावर धावून येतात. मी कितीही वर्षे येथे राहिले तरी ती कोरी जागा मला अभद्रच वाटणार. येथल्या मैत्रिणींना त्यात जोडप्याची निष्ठा दिसते; मला त्यात एका माणसाची वाट पाहणारा दगड दिसतो, आणि या बाबतीत आपलेच बरोबर आहे असे मी ठामपणे म्हणेन.

पण मग नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईचे आपण काय करतो, हाही प्रश्न आहेच. आजीला हिरवे लुगडे नेसवले, हातात हिरवा चुडा भरला, ओटी भरली, आणि जमलेल्या बायका एकमेकींना म्हणत होत्या की अहेवपणी गेली, सोनं झालं तिचं. आत्याने ते मला फोनवर सांगितले तेव्हा तिच्या आवाजात दुःखाबरोबर थोडा अभिमानही होता. मी त्या वेळी जाऊ शकले नाही. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता, बाहेर पडले असते तर नव्या व्हिसाचा शिक्का मिळेपर्यंत परतता आले नसते, मुलगी पाच महिन्यांची होती. शिवाय मी पोचेपर्यंत सगळे उरकलेच असते. हे मी अनेकांना समजावून सांगितले आहे आणि कोणी त्यावर हरकत घेतलेली नाही.

आपल्या रीतीची बाजू घ्यायची तर माझ्याजवळ एक भक्कम मुद्दा होता, तो म्हणजे अविधवा नवमी. येथे एक लेख, एक जेवण, एक दगड झाला की आठवणीचे काम ज्याचे त्याने करायचे. आपल्याकडे भाद्रपद वद्य नवमीला दरवर्षी एका सवाष्णीला बोलावून, तिच्यात गेलेलीला पाहून, खीर-वडे वाढायचे आणि तिची ओटी भरायची. सातासमुद्रापलीकडे मीही ते दोन वर्षे केले, गवारीऐवजी येथल्या फरसबीवर भागवून. हा मुद्दा मी शेजारणीच्या मुलीला मोठ्या ऐटीत सांगितला. तिने विचारले, 'अजून करता का?' आमच्या घरी आजोबा गेले आणि नवमी बंद झाली, कारण नवरा असेपर्यंतच ती करायची अशी आमच्याकडची रीत आहे. हे तिला सांगताना माझी जी तारांबळ उडाली, ती मी येथे लिहिणार नव्हते.

त्या रात्री आत्याला फोन लावला आणि आजीबद्दल विचारायला सुरुवात केली. माहेरचे नाव मिळाले. जन्मतारीख १ जून, म्हणजे शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली. खरी तारीख कोणालाच ठाऊक नाही, पण त्या वर्षी कृष्णेला मोठा पूर होता असे तिची आई सांगे. आजी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची मराठी सातवीची परीक्षा, पास होती आणि तेवढ्यावर तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तरीण होता येत असे. अर्ज केलाही होता, तेवढ्यात लग्न ठरले. मी जिला आयुष्यभर वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरून वाचताना पाहिले, ती बाई शिक्षिका व्हायची राहिली होती, हे मला अमेरिकेतल्या शेजारणीच्या निमित्ताने कळावे! आणि वडिलांच्या आधी एक मुलगा झाला होता, नऊ महिन्यांचा होऊन गेला. त्याचे बारसे झाले होते आणि नाव आत्याला पाठ आहे.

मी सगळे एकत्र करून येथल्या पद्धतीने मजकूर लिहिला आणि घरच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकला. दोन बिऱ्हाडांशी धरलेला अबोलाही त्यात आहे. तिच्या येत्या पुण्यस्मरणाला तो साताऱ्याच्या आवृत्तीत द्यावा असा माझा आग्रह आहे. काकांना गेलेल्या मुलाचे नाव छापणे पटत नाही. घरातली गोष्ट चारचौघांत कशाला, असे त्यांचे म्हणणे. आत्या म्हणते, छापायचे. काकांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत चौकशी केली, तर दर चौरस सेंटिमीटरवर निघाला, आणि एवढा मजकूर बसवायचा तर फोटो गाळावा लागेल, किंवा 'शोकाकुल' म्हणून खाली येणारी आम्हा सगळ्यांची नावे गाळावी लागतील. काकांनी फोटो गाळायला सुचवले आहे. मी नावे गाळा म्हणून कळवले आहे, आणि त्यावर काकूंचे उत्तर अजून यायचे आहे.