दार किती इंचाचं?

रविवार, रात्री साडेदहा

आज दुपारी बाथरूमच्या दाराचं माप घेतलं. चौकटीच्या आतून २४ इंच. दोनदा मोजलं, तेवढंच भरलं.

कॉलेजातली मैत्रीण पुढच्या आठवड्यात या बाजूला येणार आहे. तिला लहानपणी पोलिओ झाला. आधी पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावून चालायची, आता काही वर्षं व्हीलचेअर वापरते. फोनवर मी नेहमीसारखं म्हटलं, "अगं, ये ना घरी." तर म्हणाली, "बाथरूमचं दार किती इंचाचं आहे तुझं? माझी खुर्ची २५ आहे. जिन्याचं नंतर बघू."

फोन ठेवला आणि लक्षात आलं, तीस वर्षांत ती माझ्या घरी एकदाही आलेली नाही. दर वेळी मीच गेले. सदाशिव पेठेतली जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. ती कधी बोलली नाही आणि मला कधी सुचलं नाही. फार लागलं मनाला.

टेप हातात होती, तशीच खाली गेले. दारापाशी तीन पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या. रॅम्पचा उतार एकास बारा धरतात, म्हणजे दीड फूट चढायला अठरा फूट लांबी हवी. फाटकापासून पायरीपर्यंत जागा आहे नऊ फूट. त्यातही चार स्कूटर.

मग त्या पायरीवरच बसले आणि तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी रोज सकाळी चढते. ते बंद होईल. रडू येईल, पण मन हळूहळू वळेल. दूध संपल्यावर कोपऱ्यावर जाता येणार नाही, हे मात्र सोसवेना. फुटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब रोवलेत, त्यांच्यामधून खुर्ची जात नाही. म्हणजे रस्त्यावरून, बसच्या कडेने जायचं. बँकेलाही पायऱ्याच. वॉचमन म्हणेल, "ताई, फॉर्म खाली आणून देतो, इथेच सही करा." भल्या मनानेच म्हणेल. पण माझ्या पैशांचं बोलणं मी रस्त्यावर का करायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम आले २०१७ मध्ये.

लोक अशा वेळी जिद्दीचं बोलतात. मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक आणलं. त्यांच्यापुढे मी मनापासून हात जोडते. पण मंडईतून मेथीची जुडी आणायला कुणाला एवढी जिद्द का लागावी?

मैत्रिणीने एकदा सांगितलेलं आज पुन्हा आठवलं. बाहेर जायचं असलं की ती सकाळपासून पाणी पीत नाही. चहासुद्धा नाही. वाटेत जाण्याजोगं स्वच्छतागृह मिळेल याचा भरवसा नसतो. मी तेव्हा "अगंबाई" म्हटलं आणि विषय बदलला. आज दुपारी घरातल्या घरात तसं करून पाहिलं. तीन तासांत डोकं दुखायला लागलं. ती हे कैक वर्षं करते आहे.

मेट्रोबद्दल मात्र ती भरभरून बोलते. "लिफ्टने वर जाते, सरळ डब्यात. तेवढा वेळ कुणाला 'जरा' म्हणावं लागत नाही." जरा धरता का, जरा सरकता का, जरा दार उघडता का. मी दिवसातून किती वेळा 'जरा' म्हणते ते आठवून पाहिलं. एकदाही नाही.

संध्याकाळी तिला मेसेज केला, "२४." लगेच उत्तर आलं, "एका इंचाने हुकलं गं. या वेळी बाहेरच भेटू. जागा तू ठरव."

सुताराशी बोलले. भिंत थोडी फोडावी लागेल म्हणाला, शनिवारी येऊन बघतोय. जिन्याचं अजून काही सुचलेलं नाही. चौघांनी उचलून नेलेलं तिला आवडत नाही.

उद्या ऑफिसातून येताना टेप बरोबर ठेवणार आहे. डेक्कनच्या मेट्रो स्टेशनजवळची दोन-तीन हॉटेलं बघायची आहेत. आधी पायरी, मग टेबलांमधली जागा, मग बाथरूमचं दार.