गच्चीवरच्या भाजीसाठी स्वस्त मातीचे मिश्रण : माझा अनुभव

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टोमॅटो, मिरची आणि वांगी लावायचे ठरले, तेव्हा बियाणे, पाणी आणि ऊन यांची सोय सहज झाली. खरा प्रश्न मातीचा होता. वीस लिटरच्या तीस पिशव्या भरायच्या, म्हणजे सुमारे 600 लिटर मिश्रण हवे. रोपवाटिकेत मिळणारे तयार मिश्रण लिटरमागे 15 ते 20 रुपयांना पडत होते, आणि त्या हिशेबाने केवळ मातीवरच दहा हजारांच्या आसपास खर्च झाला असता. एवढ्या पैशांत अनेक वर्षे बाजारातून भाजी आणता येते, असा आक्षेप बैठकीत आला आणि तो योग्यच होता. म्हणून पुणे परिसरात सहज आणि स्वस्त मिळणाऱ्या वस्तूंतून मिश्रण घरीच तयार करण्याचे काम मी अंगावर घेतले. शेवटी हे मिश्रण लिटरमागे चार रुपयांच्या आत पडले, आणि त्यात झाडे कोणत्याही विकतच्या मिश्रणाइतकी जोमाने वाढली.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे शेतातली काळी माती आणून पिशव्या भरणे. तसे सुचवणारेही बरेच होते. तो मार्ग न धरण्यामागे दोन ठोस कारणे होती. पहिले कारण वजनाचे. पाण्याने पूर्ण भिजलेली शेतमाती घनमीटरला 1,700 किलोच्या वर जाते, म्हणजे वीस लिटरची एक पिशवी सुमारे 35 किलोची होते. माणसांच्या वापरासाठी असलेल्या सपाट गच्चीवर चौरस मीटरला 150 किलो एवढा चल भार (म्हणजे माणसे, सामान यांचे वजन) भारतीय मानकांनुसार गृहीत धरलेला असतो. एका चौरस मीटरमध्ये अशा नऊ पिशव्या दाटीने ठेवल्या, तर हा आकडा तीनशेच्या पुढे जातो. हलक्या मिश्रणाची भिजलेली पिशवी 18 ते 20 किलोची भरते. अशा सहाच पिशव्या एका चौरस मीटरमध्ये आणि त्याही तुळईच्या रेषेत ठेवल्या, की चिंतेचे कारण उरत नाही. तरीही जुन्या इमारतीत अभियंत्याला विचारल्याशिवाय एकही पिशवी वर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण निचऱ्याचे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या मातीतील चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसून भेगा पडतात. शेतात तिच्याखाली खोल थर असतात, गांडुळे असतात, मुळांना पसरायला जागा असते. पिशवीत यांपैकी काहीच नसते. तीच माती तिथे आठवड्याभरात विटेसारखी घट्ट बसते आणि पाणी कडेच्या फटीतून निघून जाते, मधला गोळा मात्र कोरडा राहतो. त्यातच काळ्या मातीचा सामू (पीएच) बहुधा 7.5 ते 8.5 असतो आणि अनेक ठिकाणी तिच्यात चुनखडीचे खडे असतात. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, आणि टोमॅटोची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडू लागतात.

तरी माती पूर्णपणे वगळावी असे मला वाटले नाही, कारण थोडी माती असली की मिश्रणात सूक्ष्म अन्नद्रव्ये टिकून राहतात आणि पाणी एकदम वाहून जात नाही. माती निवडताना दोन साध्या चाचण्या घेतल्या. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घेऊन उरलेली बरणी पाण्याने भरली, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकून खूप हलवली आणि ती खिडकीत स्थिर ठेवली. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळाचे मऊ कण एक-दोन तासांत त्यावर थर धरतात, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. दुसरी चाचणी म्हणजे वाळलेल्या मातीवर थोडे व्हिनेगर टाकणे. फसफस झाली तर चुनखडी आहे असे समजावे. मुळशीकडून आलेली तांबूस पोयटा माती दोन्ही कसोट्यांना उतरली. तिचे तीनचार घमेले पुरले.

मिश्रणाचा सर्वांत मोठा वाटा नारळाच्या भुश्श्याचा, म्हणजे कोकोपीटचा होता. पाच किलोची दाबलेली वीट भिजून सुमारे 70 लिटर होते आणि मला ती सव्वादोनशे रुपयांच्या आसपास मिळाली. तीन विटा पुरेशा झाल्या. या वस्तूत मीठ हा खरा धोका असतो, कारण नारळाची सोडणे अनेकदा खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात भिजवलेली असतात आणि भुश्श्यात सोडियम व पोटॅशियम साठून राहते. विटेवर 'धुतलेले' असे छापलेले असले, तरी मी तिच्यावर विसंबून राहिले नाही. भिजवलेला भुस्सा बारदानात भरून त्यातून पाणी सोडायचे, पिळायचे आणि पुन्हा सोडायचे. निथळलेल्या पाण्याची क्षारता हातातल्या छोट्या मीटरने मोजायची. पहिल्या निथळीचा आकडा 3 मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटरच्या वर होता, तो 0.5 च्या खाली येईपर्यंत हे काम चालू ठेवले. शेवटच्या धुण्यानंतर भुस्सा रात्रभर कॅल्शियम नायट्रेटच्या पातळ द्रावणात ठेवला. कॅल्शियम सोडियमला बाजूला सारून त्याची जागा घेते, आणि पुढे टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडण्याचे एक कारण आधीच कमी होते. मीटर नसेल तर मुठभर मेथी त्या भुश्श्यात पेरून पाहावी. ती एकसारखी आणि पांढऱ्या निरोगी मुळांसह उगवली, तर भुस्सा वापरण्यास योग्य आहे.

पालापाचोळ्याचे खत फुकट मिळते, पण त्यासाठी आधीपासून तयारी लागते. पुण्यात पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये जोरात असते, आणि तेव्हा रस्तोरस्ती पानांचे ढीग जाळले जातात, हे पाहून मला नेहमीच वाईट वाटते. 'ब्राउन लीफ' या शहरातल्या उपक्रमाने पाने असणाऱ्यांना पाने हवी असणाऱ्यांशी जोडण्याचे मोलाचे काम केले आहे. आमच्या रस्त्यावर वर्षावृक्ष आणि बहावा आहेत; वर्षावृक्षाची बारीक पाने लवकर कुजतात. आंब्याची जाड पाने चुरल्याशिवाय घेऊ नयेत, आणि निलगिरीची पाने तर टाळावीतच. झाडलोट करणाऱ्या मावशींना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, पाहिजे तेवढी न्या, पण प्लास्टिक तुम्हीच निवडा." निवडायला खरोखरच बराच वेळ लागला.

सुक्या पानांत कर्ब भरपूर आणि नत्र कमी असते. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्बाच्या 25 ते 30 भागांमागे नत्राचा एक भाग लागतो, सुक्या पानांत मात्र ते प्रमाण पन्नासाच्या वर असते. म्हणून पानांचा वीतभर थर, त्यावर पाण्यात कालवलेले ताजे शेण आणि भाजीची देठे, असे थर तारेच्या जाळीच्या कंबरभर उंच वेढ्यात रचले. चौथ्या दिवशी ढिगात हात घालवेना, एवढी उष्णता आली. थर्मामीटर 58 अंश दाखवत होता. ही उष्णता तणाचे बी आणि बरेचसे रोगजंतू मारते, त्यामुळे तिला घाबरून पाणी ओतत राहणे चूक आहे. ढीग थंड होऊ लागला की उलथायचा, कोरडा वाटला तर शिंपडायचे. मूठभर माल दाबला की बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण थेंब पडू नये, हे माप पुरते. वैशाखाच्या अखेरीस पाने ओळखू येईनाशी झाली आणि ढिगाला पहिल्या पावसातल्या जमिनीचा वास येऊ लागला. मग तो माल अर्ध्या इंचाच्या जाळीतून चाळला. जे वर राहिले ते पुढच्या ढिगासाठी बाजूला ठेवले.

न कुजलेला पाला किंवा लाकडाचा भुसा थेट पिशवीत घालण्याचा मोह टाळावा. तो कुजताना मिश्रणातले नत्र जिवाणूच खाऊन टाकतात आणि रोप उपाशी राहते. कच्च्या शेणाबाबतही हाच सावधपणा हवा, कारण त्यातून हुमणी येते आणि ती मुळे कुरतडते. मी जुन्या शेणखताऐवजी गांडूळखत घेतले. ते वजनावर विकले जाते आणि त्यात बरेच पाणी असते, म्हणून ओले जड पोते न घेता मोकळे, दाणेदार आणि वास नसलेले खत पाहून सुमारे 70 किलो घेतले. त्याला 700 रुपये पडले.

मिश्रणात हवेची पोकळी टिकवण्यासाठी महागडा परलाइट (फुलवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) विकत घेण्याची गरज नाही. मावळात इंद्रायणी तांदळाच्या गिरण्या आहेत आणि तिथे भाताचे तूस पोत्याने मिळते. गिरणीवाल्या मामांनी वाहतुकीसह शंभर रुपयांत दोन मोठी पोती दिली. तुसात सिलिका भरपूर असल्याने ते लवकर कुजत नाही आणि हंगामभर हवा खेळती ठेवते. त्यात राहिलेले भाताचे दाणे मात्र उगवतात. म्हणून तूस आठवडाभर ओले ठेवून कोंब आले की उलथून टाकावे.

प्रमाण घमेल्याने मोजले : कोकोपीट चार, पानांचे खत तीन, गांडूळखत दोन, पोयटा माती एक आणि तूस एक. ताडपत्रीवर थर लावून फावड्याने ढीग एका बाजूकडून दुसरीकडे ओढला, रंग सर्वत्र सारखा होईपर्यंत. वीस लिटरच्या प्रत्येक पिशवीमागे 100 ग्रॅम निंबोळी पेंड आणि 50 ग्रॅम हाडांचा चुरा मिसळला. पेंडीमुळे नत्र हळूहळू मिळते आणि सूत्रकृमींना (मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींना) आळा बसतो. हाडांच्या चुऱ्यातून स्फुरद आणि कॅल्शियम येते. राख आणि चुना मी कटाक्षाने वगळले. ते कोकणातल्या आम्लधर्मी लाल जांभ्या मातीला उपयोगी पडतील. आपल्याकडे बोअरचे पाणी आधीच जड असताना ते घालणे म्हणजे सामू आणखी वर ढकलणे होय.

मिश्रण बरे झाले की नाही, हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा मोजलेले चांगले. बुडाला भोके असलेल्या दहा लिटरच्या बादलीची भोके चिकटपट्टीने बंद केली, ती मिश्रणाने काठोकाठ भरली आणि पृष्ठभागावर पाणी चकाकेपर्यंत हळूहळू पाणी घातले. मग पट्टी काढली आणि निथळलेले पाणी मोजले. जेवढे पाणी बाहेर पडते, तेवढी जागा निथळल्यावर हवेला मिळते. माझ्या मिश्रणातून पावणेदोन लिटर पाणी आले, म्हणजे साडेसतरा टक्के. केवळ शेतमातीने याच बादलीत अर्धा लिटरही दिले नाही. दहा टक्क्यांच्या खाली आकडा आला तर तूस वाढवावे, पंचवीसच्या वर गेला तर माती वाढवावी.

याच संदर्भात पिशवीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालण्याच्या प्रथेविषयी सांगितले पाहिजे, कारण ती आपल्याकडे घरोघर पाळली जाते. बारीक छिद्रांच्या मिश्रणातून पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते सीमेवर अडून राहते आणि चिंब थर उलट वर सरकतो. म्हणजे मुळांसाठी असलेली जागा कमी होते. भोकांवर नारळाची शेंडी किंवा जाळीचा तुकडा एवढेच पुरते.

पिशव्या भरून, पाणी देऊन पंधरा दिवस सावलीत मुरू दिल्या. मिश्रण चार बोटे खाली बसले, तेवढे वरून भरले, आणि मगच रोपे लावली. पावसाळ्यात वरचे नत्र धुऊन जाते, म्हणून पृष्ठभागावर सुक्या पानांचा थर ठेवला आणि दर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत दिले. एकूण हिशेब वाहतुकीसह सुमारे 2,200 रुपये झाला. हंगाम संपल्यावर झाडे बुंध्यापाशी कापून मुळे तशीच कुजू दिली. पुढच्या लागवडीच्या वेळी मिश्रण उपसून चाळले, त्यात एक पंचमांश नवे पानांचे खत, थोडे तूस आणि ठरलेली पेंड मिसळली. ज्या पिशव्यांत टोमॅटो होता त्यांत घेवडा आणि मेथी घेतली, कारण एकाच कुळातले पीक त्याच मातीत पुन्हा घेतले की मर रोग वाढतो. या वर्षीचा नवा खर्च पाचशे रुपयांपेक्षा कमी आला आहे.