डब्ल्यू२२ सापडला, चूक चाळणीत होती

तीन आठवडे हुलकावणी देणारा डब्ल्यू२२, म्हणजे घोड्याच्या किट जनुकाचा पांढरा रंग देणारा एक बदललेला प्रकार (अ‍ॅलील), अखेर हाती लागला. मोठे बदल शोधणाऱ्या डेली या प्रोग्रामच्या फाइलीत एकच ओळ आली: डिलीशन (गळलेला तुकडा), १८९८ बेस म्हणजे डीएनएची अक्षरं, हेटेरोझायगस (दोनपैकी एकाच प्रतीत). आणि सांध्याच्या क्रमात, गळलेल्या तुकड्याच्या जागी येणारी जास्तीची पाच अक्षरं जशीच्या तशी: टी-ए-टी-ए-टी. नमुना खऱ्या घोड्याचा नाही, मुद्दाम बनवलेल्या रीडचा (यंत्र वाचतं तसल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचा) आहे. तरी आपल्या पाइपलाइनला (प्रोग्रामच्या साखळीला) हा अ‍ॅलील दिसू शकतो, एवढं आता पक्कं झालं.

याच जनुकाच्या डब्ल्यू५ आणि डब्ल्यू१४ या प्रकारांनी असा त्रास दिलाच नव्हता. डब्ल्यू५मध्ये एक्झॉन १५मधलं (एक्झॉन म्हणजे जनुकातला प्रथिनाचा संकेत असलेला भाग) एकच अक्षर गळतं. डब्ल्यू१४, म्हणजे शिरायुकीहिमे या जपानी पांढऱ्या घोडीच्या घराण्यातला, एक्झॉन १७मधली ५४ अक्षरं घालवतो. दीडशे अक्षरांच्या रीडला दोन्ही काठांवर पाऊणशे-पाऊणशे अक्षरांची पकड मिळाली की रीड संदर्भ जीनोमवर बसवणारा बीडब्ल्यूए एवढी फट आरामात ओलांडतो, आणि सिगारमध्ये (जुळणीच्या नोंदीत) स्वच्छ ‘५४ डी’ उमटतं. ५४ला तीनने पूर्ण भाग जातो, त्यामुळे वाचनाची चौकट मोडत नाही. प्रथिनातली अठरा अमिनो आम्लं तेवढी जातात. एवढ्यावर त्या घराण्यातली सोदाशी पांढरीशुभ्र जन्मते, आणि हा अ‍ॅलील न मिळालेली तिची बहीण मामा कोचा बे (तपकिरी). दोघींची आई एकच, बुचिको.

डब्ल्यू२२ची गोष्टच वेगळी. एक्झॉन १० ते १३ सगळे जातात आणि रीड फक्त दीडशेचा. बीडब्ल्यूए उरलेला तुकडा कातरून बाजूला ठेवतो, बदल नोंदवणारा हॅप्लोटाइपकॉलर गप्प राहतो. सगळ्यात फसवं म्हणजे दुसरं गुणसूत्र धडधाकट असतं. चारही एक्झॉनचं उत्तर तेच देतं, आणि क्रम निर्दोष दिसतो. मूळ कुटुंबात एकेका एक्झॉनचं सँगर सीक्वेन्सिंग करून काही सापडलं नव्हतं ते याच कारणाने. २०१७मध्ये पूर्ण जीनोम वाचल्यावरच हे भगदाड दिसलं. म्हणून डब्ल्यू२० (किटमधला एका अक्षराचा सौम्य बदल) आणि डब्ल्यू२२ या दोन्हींची एकेक प्रत असलेला पूर्ण पांढरा घोडा आपल्या तक्त्यात नुसता ‘डब्ल्यू२०, एक प्रत’ म्हणून बसतो. एका डब्ल्यू२०ने इतका पांढरा घोडा होत नाही. अशी विसंगत नोंद दिसली की घोड्याच्या फोटोवर शंका घेण्याआधी डिलीशन शोधा.

चाचणीसाठी किटचा तुकडा घेऊन त्यातून १८९८ अक्षरं कापली, पाच घातली, आणि साध्या व कापलेल्या अशा दोन्ही प्रतींवरून डब्ल्यूजीसिम या प्रोग्रामने पंधरा-पंधरा एक्स (प्रत्येक अक्षर सरासरी पंधरा वेळा वाचलं जाईल इतके) रीड बनवले. रीड एकाच तुकड्याच्या दोन टोकांवरून, जोडीने येतात; जोडीतलं, टोकापासून टोकापर्यंतचं, अंतर ४०० ठेवलं. पहिली ठेच को-ऑर्डिनेटची. डब्ल्यू२२च्या शोधनिबंधातला ७,७७,४०,२३९ हा आकडा इक्वकॅब२ या घोड्याच्या जुन्या संदर्भ जीनोमचा आहे. नव्या इक्वकॅब३वर किट सुमारे १८ लाख बेस पुढे, ७ कोटी ९५ लाखांच्या घरात आहे. जुना आकडा नव्या जीनोमवर टाकला की आपण भलत्याच जागी खोली (एका जागेवर किती रीड पडले ते) मोजत बसतो. शिवाय किट उलट्या धाग्यावर आहे, त्यामुळे डब्ल्यू२०चा ‘जी ते ए’ आयजीव्ही या रीड बघायच्या प्रोग्रामात ‘सी ते टी’ दिसतो.

जागा सुधारल्यावर खोली तीसवरून पंधरावर उतरलेली दिसली, पण डेली तरीही काही बोलेना. दोष बॅम (जुळवलेल्या रीडची फाइल) छाटताना वापरलेल्या सॅमटूल्सच्या ओळीत निघाला: लहान एफ (हे ठेव) २, मोठा एफ (हे काढ) २३०४. पहिल्याने फक्त ‘नीट जुळलेल्या’ जोड्या राहतात. डिलीशन ओलांडणारी जोडी संदर्भावर ४०० ऐवजी सुमारे २३०० बेस लांब दिसते, म्हणून ती बेशिस्त ठरून बाहेर जाते. २३०४ म्हणजे २५६ अधिक २०४८, आणि २०४८मध्ये दुभंगलेल्या रीडचे पूरक तुकडे जातात. पंधरा एक्सवर भगदाड मधोमध घेणाऱ्या जोड्या जेमतेम पाचेक, आणि दोन्ही बाजूंना तीसपेक्षा जास्त अक्षरं असलेले सांध्यावरचे रीड नऊएक. एवढेच साक्षीदार, आणि छाटणीत नेमके तेच गेले. आता मोठा एफ १०२४ एवढंच ठेवलंय. डुप्लिकेट गेले की पुरे. जागा वाचवायला बॅम छोटी करणाऱ्या सगळ्यांनी आपली ओळ एकदा तपासावी. मांटा हा डेलीसारखाच प्रोग्राम चांगला आहे, पण तुकडा-बॅमवर जोड्यांच्या अंतराचा अंदाज बांधायला त्याला पुरेसे रीड मिळत नाहीत आणि तो थांबतो. या कामाला डेलीच बरा.

हे लिहितानाच एक गोष्ट लक्षात आली. बेसनिहाय खोली बघायची गरजच नाही, १८९८च्या पूर्ण खिडकीतले रीड मोजले तर? आठ एक्सवर तिथे साधारण १०१ रीड अपेक्षित, एक प्रत नसेल तर ५१. शंभराच्या आसपास नैसर्गिक चढउतार दहाचा, म्हणजे पन्नासची घट लपूच शकत नाही. चार एक्सवरही ५१ विरुद्ध २५. म्हणजे कमी खोलीचे म्हणून बाजूला ठेवलेले जुने संच पुन्हा उघडता येतील! आधी तीस एक्सचेच घ्यायचे ठरलं होतं; तो बेत रद्द. तुलना मात्र शेजारच्या दोन हजार बेसशीच करायची, एक्झॉन १शी नाही. तिथे जी आणि सी ही अक्षरं जास्त असल्याने खोली मुळातच कमी पडते.

पीसीआरचा (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघण्याच्या चाचणीचा) आराखडाही बदलतोय. काठांपासून दीडशे-दीडशे बेसवर प्रायमर (तुकड्याच्या टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे धागे) धरले तर साध्या प्रतीचा पट्टा सुमारे २२०० आणि डब्ल्यू२२चा ३०५. एक्स्टेन्शन (प्रत वाढवायचा टप्पा) तीस सेकंद ठेवलं तर लांब पट्टा येणारच नाही, म्हणून भगदाडाच्या आत तिसरा प्रायमर हवा, साध्या प्रतीसाठी ५००च्या आसपासचा पट्टा देणारा. तो नसेल तर रिकामी लेन म्हणजे साधा घोडा की फसलेली पीसीआर, हे कळत नाही. डब्ल्यू१४साठी २५४ आणि २०० असे पट्टे पुरतात, पण जेल तीन टक्क्यांचं लागेल. दीड टक्क्यावर दोन्ही एकात एक मिसळतात. प्रायमर सगळ्यात कमी प्रमाणात, नुसते डिसॉल्टेड (क्षार काढलेले) मागवा. एचपीएलसीने शुद्ध केलेल्यांवर पैसे घालवायचं या कामात कारण नाही.